आईबाबांना मोबाइलचं वळण कसं लावावं

आईबाबा ठाण्याच्या नौपाड्यात, तुम्ही घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर. अंतर काही फार नाही. मधे फक्त माजिवडा नाका आणि तुमचे शनिवार-रविवार आडवे येतात. म्हणून तुम्ही त्यांना मोबाइल दिलात, हे योग्यच केलंत. आता त्यांना वळण लावणंही ओघानं आलंच.

फोन शक्यतो नवा देऊ नये. तुम्ही नवा घेतलात की तुमचा जुना त्यांच्याकडे जावा, तडा गेलेल्या स्क्रीनगार्डसकट. "बॅटरी जरा लवकर उतरते, पण तुम्हाला कुठे दिवसभर लागतो?" हे वाक्य देताना विसरू नये. तुमच्या गोवा ट्रिपचे व्हिडिओ आत तसेच राहू द्यावेत. पुढे स्टोरेज भरलं की खापर आईच्या सुप्रभातवाल्या गुलाबांवर फोडता येतं. याला भक्कम आधारही आहे. भारतातले फोन असे का गुदमरतात हे शोधताना गूगलच्या लोकांना सुप्रभातच्या चित्रांचे ढीग सापडले, ही बातमी २०१८ च्या जानेवारीत जगभर गाजली होती. गोव्याबद्दल त्या बातमीत अवाक्षर नव्हतं.

शिकवावं ते पायात बूट चढवून, दारात उभ्याउभ्या. "ते तीन ठिपके दाब ना." "अगं, बॅक जा, बॅक!" फोन त्यांच्या हातात राहू देऊ नये. आपण घ्यावा, अंगठा भराभर फिरवावा, "झालं" म्हणून परत द्यावा. आईनं वही काढून "हिरवं चिन्ह, मग खाली पेन्सिल" असं लिहायला घेतलं तर आधी हसावं आणि मग त्याचा फोटो काढून मित्रांना पाठवावा. त्याच वहीत दुधाच्या हिशेबाखाली बँकेचा पासवर्ड ठळक अक्षरांत लिहिलेला आहे. तो विषय मात्र काढू नये, लिफ्ट वर आलेली असते.

फॅमिली ग्रुप तुम्हीच काढलात, तेव्हा तो म्यूट करण्याचा पहिला मानही तुमचा. आठ तास किंवा आठवडा असल्या तात्पुरत्या मलमपट्ट्या करू नका, सरळ "नेहमीसाठी" निवडा. निळ्या टिकाही बंद करून टाका. इथे एक धोक्याची सूचना: त्या फक्त एकेकट्या गप्पांत बंद होतात, ग्रुपमध्ये नाही. आणि बाबांना "मेसेज इन्फो" सापडलंय. कुणी शिकवलं ते ते सांगत नाहीत. आपण पाठवलेल्या निरोपावर बोट दाबून धरून ते उघडलं की तो कुणी किती वाजता वाचला त्याची यादी येते, आणि ती ते रोज रात्री चष्मा लावून वाचतात, पूर्वी दहावीचा निकाल वाचायचे तशी. गुडघ्याचा एक्स-रे तुम्ही मंगळवारी ११ वाजून ४० मिनिटांनी पाहिलात हे त्यांना ठाऊक आहे. "काय म्हणाले डॉक्टर?" हे तुम्ही शुक्रवारी विचारलंत, हेही. विचारलं तर नेटवर्क नव्हतं म्हणा. घोडबंदरला रेंज मिळत नाही यावर ते विश्वास ठेवतील. ठेवल्यासारखं करतील, एवढं नक्की.

फॉरवर्डच्या बाबतीत कडक राहायलाच हवं. युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं, दोन हजारांच्या नोटेत चिप आहे, असलं काही आलं की ग्रुपवरच, सर्वांदेखत, "बाबा, फेक आहे हे" असं लिहावं. चिपवाला निरोप २०१६ साली त्यांच्यापर्यंत तुमच्याच ऑफिसच्या ग्रुपवरून पोचला होता, पण तेव्हा तुम्ही लहान होतात. पस्तिशीचे.

विज्ञानही तुमच्याच बाजूनं आहे. अमेरिकेतल्या २०१६ च्या निवडणुकीच्या काळात फेसबुकवर खोट्या बातम्यांच्या साइट्सचे दुवे ६५ वर्षांपुढच्यांनी सर्वांत तरुण गटाच्या जवळजवळ सातपट शेअर केले, असं "सायन्स अॅडव्हान्सेस"मध्ये २०१९ साली छापून आलं. हे वाक्य पाठ करा. त्याच अभ्यासात ६५ च्या पुढच्यांपैकी असा एखादा तरी दुवा शेअर करणारे अवघे ११ टक्के होते, म्हणजे बाकीच्यांनी एकही केला नव्हता. हे वाक्य पाठ करू नका.

व्हॉट्सअॅपनं आपल्या परीनं प्रयत्न केले. २०१८ साली भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं ठरलं. २०२० मध्ये, फार फिरून आलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी. पण ज्या माणसानं सगळी नोकरी लोकलच्या पासाच्या रांगेत काढली, त्याला एकेकाला पाठवण्याचा काय कंटाळा?

फेसबुकवर तर आईबाबा येणारच. २००४ साली ते कॉलेजच्या पोरांसाठी निघालं होतं, पण पोरं पळाली आणि काकू आल्या. तुमच्या फोटोखाली बाबा अख्खं पत्र लिहितात, खाली "तुझे बाबा" अशी सही करतात, आणि मावशी मालदीवच्या फोटोवर "मंगळसूत्र कुठाय?" विचारते, तेही तुमच्या बॉसच्या लाइकच्या खालोखाल. यावर वयाची अट हा उपाय सुचतो. खालची अट आहेच, फेसबुकला १३ लागतात. ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून १६ च्या आतल्यांना बाहेर ठेवलंय. वरची अट कुठंच नाही. घालायचीच तर ६० ची घालावी, २००७ च्या कायद्यानं तिथून माणूस ज्येष्ठ नागरिक धरतात. फक्त त्याच कायद्यात आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागायची सोयही आहे, तेव्हा घरात कायद्याचा विषय बेतानं काढावा.

सगळ्यात महत्त्वाचं फसवणुकीचं. आपल्या कायद्यात "डिजिटल अरेस्ट" नावाचा प्रकारच नाही. व्हिडिओ कॉलवर पोलीस, सीबीआय कुणीही अटक करत नाही. खुद्द पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या "मन की बात"मध्ये हे सांगितलं होतं. पैसे यायचे असतील तर यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, तो पैसे जाताना लागतो. आणि पैसे गेलेच तर लाजत बसण्याऐवजी ताबडतोब १९३० ला फोन करायचा, जितका लवकर तितकी रक्कम मधेच अडवण्याची आशा. हे सगळं आईला सांगायला चहाच्या एका कपाएवढा वेळ लागतो, म्हणून आधी सांगू नये. पैसे गेल्यावर "तुला अक्कल कशी नाही?" हे सांगायला त्याहून कमी लागतो.

तो खाकीतला भामटा वाईट खराच. पण त्याची चिकाटी पाहा. कॅमेऱ्यासमोर तासन्‌तास बसतो. तिचं पूर्ण नाव विचारतो, घरात कोण कोण असतं विचारतो, "फोन ठेवू नका" म्हणतो. तुमचा व्हिडिओ कॉल "चल आई, मीटिंग आहे" वर येईपर्यंत तिला कॅमेरा सरळ धरायलाही जमलेलं नसतं.

राहता राहिली गुलाबांची फुलं. ती तुम्ही न बघता उडवता, ते बरोबरच. तलावपाळीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा आईचा वेगळा ग्रुप आहे, तिथं मात्र फुलं मोजली जातात. साडेसातपर्यंत एखाद्या आजींचं सुप्रभात आलं नाही तर कुणीतरी फोन लावतं. उचलला नाही तर चपला घालून थेट जिना चढतं. गेल्या पावसाळ्यात बाबा बाथरूममध्ये घसरले तेव्हा ग्रुपवर गणपतीबाप्पा आला नाही एवढ्यावरून वरच्या मजल्यावरचे काका धावले होते. तुम्हाला ते दिवाळीत कळलं, फराळाचं ताट संपताना. त्यांनी सांगितलं नाही म्हणून तुम्ही रागावलातही.

त्या ग्रुपमध्ये आपणही असावं, असं तेव्हापासून तुमच्या मनात आहे. विनंती पाठवून बघा. अॅडमिन तळमजल्यावरच्या काकू आहेत. एकदा त्यांनी आईकडे तुमची चौकशी केली होती, "हा मुलगा म्यूट करून ठेवणारा का गं?" आईनं अजून उत्तर दिलेलं नाही. निळ्या टिका मात्र आल्यात.