मुलांचे पाय पळवून बळकट होत नाहीत

टेनिस खेळणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतोय. चौदाव्या वर्षापर्यंत वजनं उचलू देऊ नका, उंची खुंटते. पायांसाठी रोज पाच किलोमीटर पळवा. पाय दुखले तर दुसऱ्या दिवशी आणखी पळवून लॅक्टिक अ‍ॅसिड (जोरदार व्यायामात स्नायूंत तयार होणारं आम्ल) बाहेर काढा. सुट्टी घेणारा मागे पडतो. हे ऐकून मुलांच्या गुडघ्यांची वाट लागतेय, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी उंची. जाणकाराच्या देखरेखीखाली, नीट शिकून केलेल्या ताकदीच्या व्यायामाने वाढ खुंटत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते. दुखापती होतात त्या बहुतेक देखरेखीविना, झेपत नाही तेवढं वजन उचलल्याने. उजव्या हाताने खेळणारं मूल सर्व्ह करून डाव्या पायावर उतरतं. त्या क्षणी एकट्या त्या पायावर अंगच्या वजनाहून जास्त भार येतो, आणि असं दिवसात कितीदा तरी होतं. तो भार पेलायला पाय तयार नकोत का? सुरुवात स्वतःच्याच वजनावर करा: स्क्वॉट (उठाबशा), लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), पायरीवर टाचा उचलणं, आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. मुलाला आरशासमोर एका पायावर उभं करा आणि गुडघा सावकाश वाकवायला सांगा. गुडघा आत, दुसऱ्या पायाकडे झुकत असेल, तर डंबेल हातात द्यायची घाई नको. आधी खुब्याचे स्नायू बळकट करा, गुडघा सरळ रेषेत तेच धरून ठेवतात.

रोजच्या पाच किलोमीटरचं म्हणाल, तर टेनिसमधले बहुतेक पॉइंट दहा सेकंदांच्या आत संपतात आणि पुढच्या सर्व्हपर्यंत श्वास घ्यायला वेळ मिळतो. खेळ आहे आडव्या धावेचा, झपकन थांबून वळण्याचा. एका लयीत सरळ पळून हे येत नाही.

लॅक्टिक अ‍ॅसिड खेळ थांबल्यावर तास-दीड तासात रक्तातून निघून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिंढऱ्या-मांड्या दुखतात, त्या स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे. ती भरून यायला हलकं चालणं, पोटभर जेवण आणि झोप लागते. तेरा ते अठरा वयात झोप ८ ते १० तास हवी. अकराला झोपलेलं पोर पहाटे पाचच्या बॅचला उठवलं, तर ती कुठून मिळणार?

आणि सुट्टी. आठवड्यातून निदान एक दिवस रॅकेट बाजूला. अमेरिकेची टेनिसपटू जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये, चौदा पूर्ण होण्याआधीच, व्यावसायिक झाली आणि काही वर्षांतच खेळापासून दूर गेली. त्यानंतर महिला टेनिसने कोवळ्या वयातल्या खेळाडूंच्या स्पर्धांवर मर्यादा घातली. अमेरिकेचीच कोको गॉफ २०१९ मध्ये पंधराव्या वर्षी विम्बल्डनची चौथी फेरी गाठूनही त्याच मर्यादेत खेळली, आणि २०२३ मध्ये यूएस ओपन जिंकली.

एक दुखणं मात्र स्नायूंचं समजू नका. उंची भराभर वाढत असताना गुडघ्याच्या वाटीखाली टणक, दुखरा उंचवटा आला किंवा टाचेचं हाड मागून दाबल्यावर मूल कळवळलं, तर तो वाढत्या हाडावर स्नायूंचा ताण पडत असतो. तेव्हा पळणं आणि उड्या कमी करा. मूल लंगडत असेल तर त्या दिवशी कोर्टवर पाठवू नका, डॉक्टरांना दाखवा.