घरी सोडल्यानंतरचे ९१ दिवस

कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास येतात. एक, 'पोरं मुंबईला नि परदेशात, घरात बघायला कोण?' दुसरं, 'तिकडे बरं असतं, सरकारच सगळं बघतं.' पहिल्यात तथ्य आहे, पण किती, ते कोणालाच सांगता येत नाही. दुसरं तर चूकच आहे. इंग्लंडात राहून दोन्हीकडच्या चर्चा ऐकताना एक गोष्ट मला ठामपणे वाटते. या देशाकडून कोकणाने काही उचलायचं असेल, तर आधी इथली मोजणी उचलावी, सेवेचं नंतर बघू. आणि मोजणीसुद्धा पारखून घ्यावी, कारण तिलाही भोकं आहेत.

आधी 'सरकार बघतं' याचा हिशेब. रुग्णालयातले उपचार, ऑपरेशन हे एनएचएसकडे, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेकडे, आणि फुकट. पण आंघोळ घालणं, कपडे चढवणं, दोन घास भरवणं, रात्री उठून संडासला नेणं हे 'सोशल केअर'मध्ये येतं. ते काम स्थानिक कौन्सिलचं, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या संस्थेचं, आणि ते ऐपत बघून मिळतं. ज्याच्याकडे २३,२५० पौंडांहून जास्त पुंजी आहे त्याने आपला खर्च आपण करायचा. पुंजी १४,२५० पौंडांच्या खाली असेल तर तिला हात लावत नाहीत, उत्पन्नातून मात्र वाटा घेतात. कायमचं केअर होममध्ये जायची वेळ आली आणि मागे घरात नवरा किंवा बायको राहत नसेल, तर राहतं घरसुद्धा सहसा हिशेबात धरतात. हे आकडे २०१० पासून हललेले नाहीत. आयुष्यभरात एका माणसाला जास्तीत जास्त ८६,००० पौंड भरावे लागतील अशी मर्यादा ऑक्टोबर २०२३ पासून येणार होती. ती आधी दोन वर्षं पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये रद्दच केली. म्हणजे म्हातारपणी घर विकायची पाळी येते, ती इथेही येते.

तरीही एक शिस्त इथे आहे. इंग्लंडमध्ये ही जबाबदारी असलेल्या १५३ कौन्सिलांना दर तिमाहीला माणसागणिक नोंदी सरकारकडे पाठवाव्या लागतात. १ एप्रिल २०२३ पासून ही पद्धत सक्तीची झाली. त्याआधी वर्षाअखेरीस नुसत्या बेरजा जायच्या. आता एखाद्याने मदत मागितली ही एक ओळ, त्याची गरज तपासली ही दुसरी, सेवा सुरू झाली ही तिसरी, सेवेचा फेरआढावा घेतला ही चौथी. सोबत त्याचा एनएचएस क्रमांक असतो, म्हणून रुग्णालयातली नोंद आणि घरी येणाऱ्या मदतनिसाची नोंद एकमेकींशी जुळवता येते. असल्या नोंदींत घोळ कुठे होतो तेही ठरलेलं आहे. क्रमांक गाळलेला असतो, नाहीतर सेवा बंद झाल्याची तारीख भरायची राहते आणि माणूस गेल्यावरही कागदावर त्याची सेवा चालूच राहते. आपल्याकडे श्रावणबाळ योजनेत दरवर्षी हयातीचा दाखला मागतात, तो याच दुखण्यावरचा इलाज. आकडे जाहीर व्हायची तारीख आधी सांगितलेली असते, वेळ सकाळी साडेनऊची, आणि मंत्र्यालाही ते फार तर २४ तास आधी दिसतात. त्यामुळे वाईट आकडा दाबून ठेवणं अवघड जातं.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ९१ दिवसांचा आकडा. म्हातारा माणूस पडला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि घरी सोडलं. इथे अशा काही जणांना जास्तीत जास्त सहा आठवडे फुकट घरपोच मदत मिळते. मदतनीस येऊन सगळं करून देत नाही. स्वतः उठणं, चहा करणं, पायरी चढणं पुन्हा जमावं म्हणून सराव करून घेतो. मग कौन्सिलला बरीच वर्षं उत्तर द्यावं लागायचं: घरी सोडल्यापासून ९१ व्या दिवशी ६५ वर्षांपुढची ही माणसं कुठे होती? आपल्या घरी असतील तरच ती यशाच्या बाजूला. पुन्हा रुग्णालयात असतील, केअर होममध्ये गेली असतील किंवा वारली असतील, तर ती छेदात राहतात, अंशात येत नाहीत. वारलेल्यांना हिशेबातून वगळून टक्केवारी फुगवायची सोय ठेवलेली नव्हती.

पण इतक्यानेही भागत नाही, आणि ही मेख नीट समजून घेण्यासारखी आहे. एखाद्या कौन्सिलने ठणठणीत दिसणारे, लवकर बरे होणारेच रुग्ण निवडले, तर तिची टक्केवारी झकास येईल. म्हणून याच आकड्याला जोडून दुसरा विचारायचे: रुग्णालयातून सुटलेल्या ६५ पुढच्या एकूण माणसांपैकी कितींना ही मदत दिली? देशभराचं चित्र बघा. ९१ दिवसांनंतर घरी असलेल्यांचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर असायचं आणि मदत मिळालेल्यांचं प्रमाण जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास. पहिला आकडा एकटा छापला असता तर कौतुकाचे लेख आले असते. दोन्ही शेजारी ठेवले की खरं कळतं: योजना चांगली आहे, पण ती फार थोड्यांपर्यंत पोचते.

आता या मोजणीची भोकं. कौन्सिलच्या दारात जो आला त्याचीच नोंद होते. स्वतःच्या पैशाने मदत घेणारे बरेचसे बाहेरच राहतात. केअर होममधल्या रहिवाशांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोक स्वतःचा खर्च स्वतः करतात, हा आकडा सांख्यिकी कार्यालयाला वेगळा अंदाज बांधून काढावा लागतो. आणि घरची माणसं? २०२१ च्या जनगणनेत आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाची विनामोबदला काळजी घेतो असं सांगणारे इंग्लंड-वेल्समध्ये ५० लाख निघाले. आठवड्याला किती तास, तेही जनगणना विचारते. तो प्रश्न फॉर्मवर नसता तर ही माणसं सरकारी कागदांत जवळपास दिसलीच नसती.

आकड्याने धोरण हलतं, हेही इथे दिसलं. २०२१-२२ मध्ये सोशल केअरमध्ये १,६५,००० जागा रिकाम्या असल्याचं समोर आलं. त्या सुमारास, फेब्रुवारी २०२२ मध्ये, केअर वर्करसाठी परदेशी व्हिसा खुला झाला आणि भारत, नायजेरिया, झिम्बाब्वेतून हजारो माणसं आली. २०२३-२४ पर्यंत रिकाम्या जागा १,३१,००० वर उतरल्या. मग मार्च २०२४ मध्ये कुटुंब आणायला बंदी आली आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून नव्या भरतीचं दारच बंद केलं. म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांना उठवून बसवणारे हात आपल्यासारख्या देशांतून आले. 'तिकडे सरकार बघतं' म्हणताना हेही लक्षात असू द्यावं.

आता कोकण. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरीची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. कामाच्या वयाचे पुरुष बाहेर, मागे बायका आणि म्हातारी माणसं, हे त्याचं सरळ कारण. हे चित्र २०११ चं आहे आणि पुढची जनगणना २०२७ ची. मधल्या काळात काय झालं ते वाडीवाडीतली कुलूपबंद घरं सांगतात, पण त्याला आकडेवारी म्हणत नाहीत. ४५ वर्षांपुढच्या माणसांची मोठी पाहणी, 'लासी', २०१७-१८ मध्ये झाली. ती राज्याचं चित्र देते, गुहागर किंवा दोडामार्ग तालुक्याचं नाही. आरोग्य केंद्रातून दर महिन्याला वर जाणारी माहिती बाह्यरुग्ण किती, दाखल किती, बाळंतपणं किती, याची. रुग्ण दारातून बाहेर पडला की त्या कागदावर तो संपतो.

आणि आपली चर्चा इमारतींची. गेल्या काही वर्षांत दोन्ही जिल्ह्यांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं झाली, ही मोठीच गोष्ट आहे. पण खुब्याचं ऑपरेशन झालेली म्हातारी रिक्षातून वाडीच्या तोंडाशी उतरते, पुढे चिऱ्याच्या पाखाडीच्या तीसचाळीस पायऱ्या, पावसाळ्यात त्यांवर शेवाळ, न्हाणीघर मागीलदारी. तिचं पुढे काय झालं हे महाविद्यालय सांगू शकत नाही, आरोग्य केंद्र सांगू शकत नाही. शेजारीण सांगू शकते, पण तिला कोणी विचारत नाही.

खरं म्हणजे सुरुवात करायला नवीन फॉर्मही लागत नाही. आशाताई ३० वर्षांपुढच्या माणसांचा 'सी-बॅक' फॉर्म भरतात. बीपी, साखर, कर्करोगाची लक्षणं यांसाठी तो ओळखला जातो. पण त्यात ६० पुढच्यांसाठी चार जादा प्रश्न आहेत: उभं राहताना, चालताना तोल जातो का, हालचालीला अडथळा येईल असं अपंगत्व आहे का, खाणं, कपडे, आंघोळ, चालणं, संडास यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरायला होतं का. इंग्लंडची कौन्सिल घरी माणूस पाठवून जे तपासते, त्याचा गाभा या चार ओळींत आहे. फॉर्म भरला जातो, वर जातो, आणि गावाकडे आकडा म्हणून परत येत नाही. यात कोकणापुरता पाचवा प्रश्न घालावा: रात्री घरात दुसरं धडधाकट माणूस कोण असतं? दिवसा शेजार असतो. तोल गेला, पडलं, ते बहुधा रात्री.

पाहणी कधी करायची यालाही महत्त्व आहे. गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात चाकरमानी आलेले असतात, घरं भरलेली दिसतात. तेव्हा विचारलं तर सगळ्यांना बघायला माणूस आहे असंच उत्तर येईल. जुलैत किंवा नोव्हेंबरात विचारावं.

सगळ्यात जास्त चूक होईल ती छेदात. समजा गावात ६० पुढची ६० माणसं प्रत्यक्ष राहतात आणि त्यांतल्या १२ जणांना रोज मदत लागते. प्रमाण २० टक्के. पण यादी रेशनकार्डावरून किंवा मतदारयादीवरून काढली, तर तीत विरार-डोंबिवलीला राहणारी आणखी ३० नावं येतील, आणि तीच १२ माणसं १३ टक्के दिसतील. गरज तेवढीच, कागदावर तिसऱ्या हिश्श्याने कमी. म्हणून 'गेल्या सहा महिन्यांत बहुतेक दिवस इथे राहिलेली माणसं' एवढीच यादी धरावी, आणि ती वाडीवार करावी. तहसील कार्यालयातल्या श्रावणबाळच्या यादीशी ती ताडून बघितली तर दोन्हीकडच्या चुका बाहेर पडतील. मदत लागते पण योजनेत नाव नाही, अशी माणसं पहिल्याच दिवशी सापडतील.

रुग्णालयाच्या बाजूने एकच काम: ६० पुढच्या, हाड मोडलेल्या किंवा अर्धांगवायूच्या प्रत्येक रुग्णाला ९० दिवसांनी एक फोन. घोळ इथेही आहे. डिस्चार्ज कार्डावरचा नंबर बहुधा मुंबईतल्या मुलाचा असतो आणि मुलगा 'बरी आहे' म्हणतो. म्हणून दुसरा नंबर गावातला घ्यावा, शेजाऱ्याचा किंवा आशाताईंचा. उत्तराचे रकाने पाच: आपल्या घरी, मुलाकडे दुसरीकडे, रुग्णालयात, मृत, सापडले नाही. मुलाकडे गेलेली माणसं घरच्या रकान्यात घालू नयेत. ती नाइलाजाने गेली की आपण होऊन, हे वेगळं विचारावं लागतं. आणि 'सापडले नाही' हा रकाना कधीही 'घरी'मध्ये मिळवू नये.

एक धोका मात्र गंभीर आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची वाडीवार यादी चोराच्या हाती पडली तर काय होईल ते सांगायला नको. नावांची यादी आशाताई आणि आरोग्य केंद्र यांच्यापुरतीच राहावी, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊ नये. इंग्लंडमध्ये ही आकडेवारी जवळच्या पाचच्या पटीत करून छापतात, म्हणजे लहान आकड्यामागचा माणूस ओळखू येऊ नये. वाडीत स्मृतिभ्रंशाचे दोन रुग्ण, असं छापलं की नाव छापल्यासारखंच. गावाचा आकडा ग्रामसभेपुरता तोंडी आणि जाहीर आकडा आरोग्य केंद्राच्या पूर्ण क्षेत्राचा, असं ठेवावं.

मुलांनी आईवडिलांना सांभाळावं म्हणून २००७ चा कायदा आहे, प्रांताकडे अर्ज करता येतो, महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. वृद्धाश्रम हवे की नकोत यावर तर आपण वर्षानुवर्षं भांडतो. पण बऱ्याच घरांत पैसे वेळेवर येतात, फक्त संडासला न्यायला हात नसतो, आणि तसं नेमकं किती घरांत आहे हे कळल्याशिवाय कायदा कडक करा किंवा आश्रम बांधा, दोन्ही मागण्या अंदाजाच्या. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान योजनेत आता पाच लाखांचं संरक्षण आहे, पण ते दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. घरी परतल्यावरच्या मदतनिसाला त्यातून काही मिळत नाही.

ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा ऑक्टोबरपासून आकाराला येतो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घेतला तर जुलैची पाहणी ताजी असेल. गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला मिळणारा वर्षाचा १०,००० रुपयांपर्यंतचा निधी पाहणीच्या कागदांना आणि आशाताईंच्या जादा कामाच्या मोबदल्याला लावता येतो का, ते तिथेच विचारावं. या बायकांवर आणखी एक फुकटचं काम लादून ही मोजणी टिकणार नाही. पाखाडीला कठडा, न्हाणीघरात धरायला दांडी, कमोडची खुर्ची, कुठे किती लागतात ते यादीवरूनच निघेल. पहिल्या वर्षी आकडे वाईट येतील आणि 'सापडले नाही'चा रकाना सर्वांत मोठा असेल. तोही सभेत वाचून दाखवावा आणि इतिवृत्तात लिहून घ्यावा.