आपण कुलवृत्तांत छापतो, त्यांनी छप्पर घातलं

आमच्या कुलमंडळाने कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी पुन्हा वर्गणी मागितली आहे. मी देणार आहेच, पण या खेपेला हात जरा आखडतोय. त्याला कारण स्कॉटलंडमधलं एक घर.

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे एडिंबरोला होतो. एक दिवस ती पर्थशरमध्ये अ‍ॅबरफेल्डीला घेऊन गेली. जवळच वीम नावाचं खेडं आहे, तिथे कॅसल मेंझीज. (लिहायचं मेंझीज, जुने लोक म्हणतात ‘मिंगिस’. जुन्या स्कॉट्समधलं एक अक्षर छापखान्यांकडे नव्हतं, त्यांनी झेडवर भागवलं, आणि तेव्हापासून सगळं जग या मंडळींचं आडनाव चुकीचं उच्चारतंय.) कॅसल म्हणजे तट-खंदकवाला किल्ला नव्हे. जाड भिंतींचा, कोपऱ्यांवर मनोरे असलेला सोळाव्या शतकातला दगडी वाडा. चारशेहून अधिक वर्षं मेंझीज कुळाच्या प्रमुखांचं हे घर. 1746 मध्ये कलोडनच्या लढाईआधी बॉनी प्रिन्स चार्ली, म्हणजे ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगत बंड करणारा स्टुअर्ट राजपुत्र, इथे दोन रात्री मुक्कामाला होता, त्याचं तिथे फार कौतुक.

मी मात्र अडकलो दुसऱ्याच नावाशी. महाराजा दुलीपसिंग! दहा वर्षांचा असताना कंपनी सरकारने ज्याचं पंजाबचं राज्य घेतलं, कोहिनूर घेतला, तो मुलगा 1855 ते 1858 या काळात याच वाड्यात राहत होता. म्हणजे 1857 चा उठाव इकडे पेटला तेव्हा लाहोरचा गादीवरून उतरवलेला राजा तिकडे पर्थशरच्या डोंगरात शिकारी करत होता. जिन्याच्या दगडी पायऱ्या चढताना मला चार्लीपेक्षा तोच जास्त आठवत राहिला.

असो. मुद्दा छपराचा.

1910 मध्ये थेट वंश खुंटला, इस्टेट विकली गेली. दुसऱ्या महायुद्धात पोलिश सैन्याने वाड्यात औषधांचं कोठार केलं. पुढे पाऊस, ओल, कुजलेली लाकडं. मग 1957 मध्ये मेंझीज क्लॅन सोसायटीने तो पडका वाडा विकत घेतला. ही सोसायटी म्हणजे अगदी आपलं कुलमंडळच, 1892 पासूनचं. आडनाव एक, माणसं ऑस्ट्रेलियापासून कॅनडापर्यंत पांगलेली. घर विकत घेणं सोपंच म्हणायचं, कारण खरी दुरुस्ती पुढे कित्येक दशकं चालली. पैसे आले की काम, संपले की थांबा. असल्या जुन्या भिंतींना सिमेंट चालत नाही, ओल आत कोंडते. चुनाच लागतो, आणि चुन्याला वेळ लागतो. आज काही खोल्या सजवलेल्या आहेत, काही उघड्याबोडक्या. मला त्या उघड्याबोडक्याच आवडल्या. कुठे तुळई बदलली, कुठे जुनी ठेवली, ते त्यांत दिसतं.

माझं ठाम मत असं की हा वाडा वाचला तो कुणाच्या श्रीमंतीमुळे नाही, तर तो कुणा एकाचा राहिला नाही म्हणून. आज त्याची मालकी एका धर्मादाय न्यासाकडे आहे. वर्गणी देणाऱ्याला हिस्सा नाही, खोली नाही, उताऱ्यावर नाव नाही. भाऊबंदकीला जागाच ठेवली नाही!

याच्या उलट गोष्टही त्याच देशातली. स्काय बेटावरच्या डनव्हेगन वाड्याचं छप्पर गळत होतं, तर 2000 साली मॅक्लाउड कुळाच्या प्रमुखाने ब्लॅक कुइलिनचे डोंगरच 1 कोटी पौंडांना विकायला काढले. गहजब झाला. डोंगर तुमचे कसे, इथूनच लोकांनी सुरुवात केली. शेवटी विक्री मागे घ्यावी लागली. मला त्या प्रमुखाची थोडी दयाही येते. एवढ्या मोठ्या वास्तूचं छप्पर एकट्याच्या खिशातून होत नाही, आणि घर एकाच्या नावावर असलं की दुसऱ्याने पैसे का द्यावेत?

आमच्या गावचा वाडा याच दोन टोकांच्या मध्ये लोंबकळतोय. मालक सत्तावीस, छप्पर कुणाचंच नाही. कुलवृत्तांताच्या मागच्या आवृत्तीत त्याचा फोटो आहे, दिंडी दरवाजासकट. दरवाजा आता नाही.

कॅसल मेंझीजचे फोटो मी कुलमंडळाच्या ग्रुपवर टाकले आणि लिहिलं, ‘आपणही न्यास करू या का?’ अकरा अंगठे आले, दोन हात जोडलेले. मग पुण्याच्या अण्णांचा मेसेज : “कल्पना उत्तम. पण आमचा हिस्सा सोडून.”