बॉल बांधून ठेवणारे फुटबॉलचे सर

मागच्या रविवारी मिरजेत मैदानावर एका पालकांचं आणि आमच्या सरांचं वाजलं. फुटबॉलची फी भरलेली, पोराला नवे स्टड घेतलेले, आणि सरांनी सगळे बॉल जाळीत बांधून पोरांना अनवाणी खो-खो खेळायला लावलेला. पालक म्हणाले, "सर, आम्ही फुटबॉलचे पैसे भरलेत." सर म्हणाले, "मग फुटबॉलच चाललाय की."

मला हसू आलं. तीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी हेच विचारलं होतं आणि त्यांनाही हेच उत्तर मिळालं होतं.

सर तरुणपणी सकाळी तालमीत, दुपारी खो-खोत आणि संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानावर असायचे. कबड्डीला माणूस कमी पडला की तिथेही. आता ह्याला 'मल्टी-स्पोर्ट' म्हणतात. त्यांच्या घरचे 'उंडगेपणा' म्हणायचे.

पण त्यांच्या फुटबॉलमध्ये हे सगळे खेळ दिसायचे. खो-खोत पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत त्याला उलटं फिरता येत नाही. पळणारा त्यावरच जगतो. खांद्यानं इकडची हूल द्यायची आणि तिकडून निसटायचं. विंगवर बॉल मिळाला की सर नेमकं हेच करायचे. आणि आम्हाला डिफेन्स शिकवला तो कबड्डीतल्या पकडीवरून. "पाय काय बघतोस त्याचा? पाय फसवतोय. कंबर बघ, कंबर फसवत न्हाई." कोल्हापूरच्या तालमींच्या फुटबॉल संघांविरुद्ध खेळताना हे एक वाक्य मला किती वेळा उपयोगी पडलं, सांगता येणार नाही. धक्काबुक्कीत सर पडायचे नाहीत, ते कुस्तीतल्या खडाखडीमुळे, म्हणजे उभ्यानं चालणाऱ्या झटापटीमुळे. पाय रुंद, बूड खाली, मान घट्ट.

आता 'एक ना धड भाराभर चिंध्या' म्हणणाऱ्यांसाठी चुनी गोस्वामींचं उदाहरण. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतानं फुटबॉलच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला 2-1 असं हरवून सुवर्ण जिंकलं, तेव्हा कर्णधार हेच. हाच माणूस बंगालकडून रणजी क्रिकेट खेळला. डिसेंबर 1966 मध्ये इंदूरला मध्य आणि पूर्व विभागाच्या संयुक्त संघानं सोबर्सच्या वेस्ट इंडिजला डावानं हरवलं, त्या सामन्यात त्यांच्या आठ विकेट होत्या. 1968-69 च्या रणजी फायनलला आपल्याच मुंबईविरुद्ध दोन डावांत 96 आणि 84 धावा. 1971-72 ला बंगालला फायनलपर्यंत नेलं तेही कर्णधार म्हणून. पुढे जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीच्या सुरुवातीच्या दिवसांत तिथले संचालक. ह्यातली कुठली चिंधी म्हणायची?

लांब कशाला, आपल्या साताऱ्याकडं बघा. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आधी खो-खो खेळायची. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, फायनल धावली, दहावी आली.

मान्य, जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळात लवकर एकाच वाटेला लागावं लागतं. पण आठ वर्षांच्या पोराला वर्षभर फक्त फुटबॉल, तोही एकाच जागेवर? मी स्वतः दोन हंगाम पोरांना शिकवलंय. सकाळ-संध्याकाळ बॉल मारणारी पोरं बाराव्या वर्षी गुडघा धरून बसलेली पाहिलीत. त्याहून वाईट म्हणजे कंटाळलेली. आणि खरं बोलू? पुष्कळ घरांत खेळाची आवड दहावीच्या क्रीडा गुणांपाशी सुरू होते आणि तिथंच संपते.

सरांचं नुकसान मात्र ह्या अनेक खेळांनीच झालं, हेही लिहायला हवं. एका शाळेत त्यांची जागा गेली कारण पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंगचा डिप्लोमा नव्हता. कुठल्या खेळाचा कोच म्हणून घ्यायचं, हाच तिथल्यांना प्रश्न पडला होता म्हणे. शेवटी बावन्नाव्या वर्षी, पोरांच्या वयाच्या कोचेसमध्ये बसून त्यांनी फुटबॉल कोचिंगचं डी लायसन्स काढलं. त्या पोरांपैकी दोघं त्यांचेच विद्यार्थी. परीक्षेच्या आदल्या रात्री त्या दोघांनीच त्यांना ऑफसाइडच्या इंग्रजी व्याख्या पाठ करून दिल्या, हे सर स्वतःच हसून सांगतात.

रविवारी खो-खो संपल्यावर बॉल सुटले. शेवटची वीस मिनिटं मॅच झाली. ते पालक सावलीला उभे राहून मोबाइलमध्ये बघत होते. त्यांच्या पोरानं डाव्या बाजूनं एकाला हूल देऊन बॉल काढला, तेव्हा नेमकी त्यांची मान खाली होती. मी सांगायला जाणार होतो, सरांनी हात धरला. "राहू दे. घरी गेल्यावर पोरगंच सांगंल."

मग मी सरांना गोस्वामींचं ते 96 आणि 84 सांगितलं. सर बॉल जाळीत भरता भरता थांबले. "दोन्ही डावांत सेंच्युरी हुकली?" म्हणाले, आणि एक बॉल कमी निघाला म्हणून गवतात शोधायला गेले.