विजेरीवाल्या काकांचे अंधारप्रेम

माझ्या उजव्या पायाचा अंगठा या क्षणी सुजून दुप्पट झाला आहे आणि त्याला जबाबदार जुना युरोप आहे.

काल रात्री वीज गेली आणि मीटर पाहण्यासाठी मी मेणबत्ती घेऊन जिना उतरू लागलो, एवढी पार्श्वभूमी पुरे. जिन्याच्या वळणावर शेजारचे काका उभे होते. सबंध जिना उजळेल अशी त्यांची विजेरी त्यांनी थेट माझ्या डोळ्यांवर रोखली.

"विजेने आपली रात्र चोरली हो!" ते म्हणाले. "पूर्वी युरोपात माणसे रात्रीतून दोन झोपा घेत."

हे खोटे नाही. रॉजर एकर्च या इतिहासकाराने जुन्या रोजनिशांतून आणि न्यायालयीन जबान्यांतून 'पहिली झोप' आणि 'दुसरी झोप' यांचे उल्लेख गोळा केले आहेत. मधल्या जागेपणी लोक प्रार्थना करीत, गप्पा मारीत, विस्तव पाहून येत. काका मात्र हे अशा थाटात सांगत होते, की जणू तो विस्तव पाहायला तेच उठत असत.

"मला एकच झोप पुरते," मी म्हणालो, "पण तिला पंखा लागतो."

"तुम्ही अंधार कधी अनुभवलाच नाही," असे म्हणून त्यांनी फुंकर मारून माझी मेणबत्ती विझवली आणि विजेरीही बंद केली. "आता पाहा!"

पाहण्यासारखे काहीच उरले नव्हते. इंग्लंडमध्ये 1285 च्या कायद्याने सूर्यास्तानंतर फिरणाऱ्या अनोळखी माणसाला पहारेकरी सकाळपर्यंत अडकवून ठेवीत. दुर्दैवाने काका ओळखीचे आहेत. लंडनमध्ये पुढे मशाल घेऊन वाट दाखवणारी पोरे असत आणि त्यांतली काही गिऱ्हाइकाला चोरांच्या हवाली करतात असा लोकांना संशय असे, पण तीही निदान पैसे घेऊन उजेड दाखवीत. काका फुकट अंधार दाखवत होते.

मला खरा राग येतो तो या कौतुकाचा. गरिबाच्या घरातली चरबीची मेणबत्ती धूर करी, घाण वास सोडी आणि तिची वात सारखी कातरावी लागे. तिच्यावरही इंग्लंडमध्ये 1709 पासून 1831 पर्यंत कर होता, म्हणून कित्येक घरांत चरबीत बुडवलेल्या लव्हाळ्याच्या काड्यांवर भागवत. 1667 मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर कंदील लागले, 1807 मध्ये लंडनच्या पॅल मॅल या रस्त्यावर गॅसचे दिवे उजळले, ते लोकांना अंधाराचा कंटाळा आला होता म्हणूनच ना? अंधारात विहिरीत, खंदकात पडून माणसे मरत, हे काकांच्या व्याख्यानात आले नाही. ते सांगायला मी तोंड उघडले, एक पाऊल पुढे टाकले आणि काकांनीच जिन्यात मांडलेल्या कुंडीवर अंगठा आपटला.

माझा आवाज ऐकून काकांनी तत्परतेने विजेरी लावली आणि कुंडी पाहिली. ती शाबूत होती.

आज सकाळी पुन्हा भेट झाली. अंगठ्याच्या ठणक्याने मध्यरात्री जाग आली आणि तासभर डोळ्याला डोळा लागला नाही, अशी तक्रार मी मुद्दाम त्यांच्या कानावर घातली.

"आणि मग पुन्हा झोप लागली?" त्यांनी उत्सुकतेने विचारले.

"पहाटे लागली."

काकांचा चेहरा उजळला. "तीच दुसरी झोप!"