डोळे झाकून डबल डोअर घ्या म्हणे!

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. चौथी माझी भाची. लग्नाला वर्ष झालं, जळगावात पिंप्राळ्याकडे दोन खोल्यांचं स्वतःचं घर झालं, आता पहिला फ्रिज घ्यायचाय. मेसेजखाली तिने एवढंच लिहिलं होतं, ‘मामा, खरं का हे?’

मेसेज थोडक्यात असा: डोळे झाकून डबल डोअर घ्या, सिंगल डोअर जुनाट झाला. फाइव्ह स्टारच घ्या, दोन वर्षांत वीजबिलातून पैसे वसूल. इन्व्हर्टर फ्रिजला स्टॅबिलायझर लागत नाही. कंप्रेसरला दहा वर्षं वॉरंटी, म्हणजे दहा वर्षं खर्च शून्य. आर-६००ए गॅसचा घेऊ नका, स्फोट होतो. रात्री बंद ठेवा, बिल निम्मं. आणि जीएसटी आत्ताच कमी झालाय, घाई करा.

मी भुसावळात बावीस वर्षं फ्रिज दुरुस्त करतो. विकत नाही. त्यामुळे कोणता खपला आणि कोणता पडून राहिला, याने माझ्या खिशाला फरक पडत नाही.

दारांपासून सुरुवात करू. फरक दारांचा नाहीच, गारवा कसा पोचतो त्याचा आहे. सिंगल डोअरमध्ये वरचा फ्रीझरचा खण थंड होतो आणि थंड हवा जड म्हणून आपसूक खाली उतरते. बहुतेक डबल डोअरमध्ये पंखा हवा फिरवतो आणि साठलेला बर्फ वितळवायला आत हीटर असतो. सोय मोठी आहे, पण पंखा आला, हीटर आला, सेन्सर आला. जितके कलपुर्जे जास्त, तितकं बिघडायला निमित्त जास्त. शिवाय लाइट गेली की पंखा थांबतो. सिंगल डोअरच्या फ्रीझरला धरलेला बर्फ मात्र गारवा टिकवत बसतो. दुपारी दोन-तीन तास वीज जाणाऱ्या गावात हा फरक दुधाच्या पातेल्यात दिसतो. मेथी, कोथिंबीरही फिरत्या वाऱ्यात उघडी ठेवली की लवकर सुकते.

सिंगल डोअरची उणी बाजूही सांगतो. आइस्क्रीम त्यात घट्ट राहत नाही, आणि बर्फ साचला की फ्रिज बंद करून तो वितळू द्यावा लागतो. लोकांना तेवढा धीर नसतो. मग सुरी येते, उलथनं येतं. एकीने तर सांडशीने ठोकला होता. आधी ‘टक्’, मग बारीक ‘फुस्स’, आणि गॅस गेला. खण ॲल्युमिनिअमचा असतो, त्याला मारलेलं ठिगळ फार दिवस टिकत नाही. माझ्या हिशेबात कंपनीच्या चुकीने जेवढे फ्रिज मेले नसतील, तेवढे सुरीने मारले आहेत.

घरात पाच-सहा माणसं असतील आणि फ्रीझर रोज लागत असेल, तर डबल डोअर जरूर घ्या. दोघांच्या घराला १८० ते २०० लिटरचा सिंगल डोअर पुरतो. ‘पुढे लागेलच’ म्हणून तीनशे लिटर घेतलेल्या कितीतरी घरांत मी दार उघडलं की आत पाण्याच्या बाटल्या आणि कालची शेवभाजी. आपल्याकडचं बरंचसं खाणं फ्रिजचं नाहीच. बिबड्या, कुरडया, पापड डब्यात. कांदे-बटाटे टोपलीत. केळी तर साधारण तेरा अंशांच्या खाली गेली की साल काळी पडते, हे जळगाव जिल्ह्यात तरी कोणी सांगायला नको. (सांगावं लागतं. गेल्या महिन्यातच एका फ्रिजमधून अख्खी फणी काढली.) भाचीची सासू फोनवर तेच म्हणाली, ‘दोन माणसंले इतला मोठा फ्रिज कसाले?’ माझा अर्धा लेख तिने एका वाक्यात उरकला.

आता फाइव्ह स्टार. तारे खोटे नाहीत. केंद्र सरकारच्या ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २००६ साली हे लेबल सुरू केलं, आणि त्याच्यामुळेच आज आपल्याला तुलना करता येते. पण तारे त्या-त्या प्रकारात आणि आकारात दिलेले असतात. तीन तारे मोठ्या डबल डोअरला असतात, तीनच लहान सिंगल डोअरला, आणि मोठा जास्त वीज खातो. निकषही दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या सालाच्या लेबलाचे पाच तारे आणि नव्याचे पाच एकसारखे नसतात. लेबलवर ताऱ्यांपाशी वर्षाच्या युनिटचा आकडा छापलेला असतो. तो वाचायचा. समजा, तुमच्या पसंतीच्या दोन फ्रिजमध्ये वर्षाला साठ युनिटचा फरक आहे आणि युनिट दहा रुपयांना पडतं. वाचले सहाशे. किमतीत चार हजारांचा फरक असेल, तर वसूल व्हायला साडेसहा वर्षांहून जास्त गेली. दोन वर्षं कुठून आली, ते मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांच्या पुढचा दर चढा असतो, म्हणून ज्यांचा वापर तसाही मोठा आहे त्यांचे पैसे जरा लवकर सुटतात. एवढं मेसेजच्या बाजूने बोलतो.

आणि लेबलवरचे युनिट प्रयोगशाळेतले असतात. वरणगावला एकदा मे महिन्यात ‘फ्रिज गार करत नाही आणि बिल डबल आलं’ म्हणून बोलावलं. पत्र्याचं घर. फ्रिज कोपऱ्यात दाबून बसवलेला, एका अंगाला गॅसची शेगडी, दुसऱ्या अंगाला दादर ज्वारीच्या दोन गोण्या, पाठ थेट पश्चिमेच्या भिंतीला. मागे हात घातला तर ठेववेना. दारावर पाच ताऱ्यांचं लेबल अजून तसंच चिकटलेलं. फ्रिज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि बाहेर टाकायला जागाच नसेल तर कंप्रेसर बिचारा दिवसभर धापा टाकतो. गोण्या हलवल्या, फ्रिज वीतभर पुढे ओढला, शेगडीपासून लांब नेला. दुसऱ्या दिवशी गार झाला होता. पान्यालाही हात लावला नव्हता, त्यामुळे दोनशे रुपये घेताना लाज वाटली. पण घेतले.

फ्रिजच्या स्टिकरवर क्लायमेट क्लासही लिहिलेला असतो. ‘टी’ म्हणजे ट्रॉपिकल, तो खोलीतल्या ४३ अंशांपर्यंत नीट चालावा असा बनवलेला. ‘एसटी’ ३८ पर्यंत, ‘एन’ फक्त ३२ पर्यंत. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ होतं, आणि पत्र्याखालच्या स्वयंपाकघराचं तर विचारूच नका. खान्देशात घेताना तारे मोजायच्या आधी हे एक अक्षर शोधा. दुकानातल्या पोराला विचारलंत तर तो तुमच्याकडे बघत राहील, म्हणून स्वतःच वाचा.

स्टॅबिलायझरचं अर्धं खरं आहे. इन्व्हर्टर कंप्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो, सुरू होताना झटका घेत नाही आणि व्होल्टेजचा बराच चढ-उतार सोसतो. किती सोसतो ते कंपनीच छापते. शहरातल्या फ्लॅटमध्ये वीज बरी असेल, तर वेगळा स्टॅबिलायझर नाही लावला तरी चालतं. पण ज्या गावात संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की बल्ब पिवळा पडतो, किंवा खांबावर न्यूट्रलची तार सुटली की घरात चारशेच्या आसपास व्होल्टेज घुसू शकतं, तिथे आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड जळतं. ते काही हजारांचं असतं. वायरमनकडून सकाळी, दुपारी आणि मोटारींच्या वेळी मीटर लावून व्होल्टेज बघून घ्या. फार खाली-वर असेल, तर जास्त व्होल्टेजला स्वतःहून तोडणारा स्टॅबिलायझर लावा.

इन्व्हर्टर या शब्दाने तर कहर केलाय. यावलकडच्या एका काकांचा रात्री फोन आला. ‘भाऊ, लाइट गेली आणि फ्रिज बंद पडला. मी तर इन्व्हर्टरचा घेतलाय!’ त्यांना वाटलं आत बॅटरी आहे. काका, नाव कंप्रेसरच्या मोटारीचा वेग बदलणाऱ्या सर्किटवरून आलंय, बॅटरी वेगळी विकत घ्यावी लागते.

वॉरंटीचं लवकर सांगतो. दहा वर्षं बहुधा फक्त कंप्रेसर या एका भागाला असतात, बाकी फ्रिजला एक वर्ष. कंप्रेसर फुकट मिळाला, तरी गॅस भरणं, मजुरी, गाडीभाडं तुमच्याकडे येऊ शकतं. आणि नेहमी बिघडतं ते थर्मोस्टॅट, पंखा, हीटर, दाराचं रबर. वॉरंटी कार्डाची मागची बाजू दुकानातच वाचा.

गॅसचा स्फोट. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, आणि तो पेट घेतो हे खरं. पण घरच्या फ्रिजमध्ये तो मोजके ग्रॅमच असतो, बंद नळ्यांत. त्याच स्वयंपाकघरात १४.२ किलोचं सिलिंडर असतं, त्यात ब्युटेन-प्रोपेनच असतात. आता नव्या घरगुती फ्रिजमध्ये बहुतेक हाच गॅस येतो, तेव्हा हा सल्ला मानला तर माठच घ्यावा लागेल. खरा धोका दुरुस्तीत आहे. गॅस पूर्ण न काढता कोणी नळीला ज्योत लावली, तर भडका उडतो. म्हणून मेकॅनिकला विचारा, ‘आत कोणता गॅस आहे?’ स्टिकर न बघता उत्तर दिलं, तर चहा पाजून परत पाठवा.

रात्री बंद ठेवायचं कोणाच्या डोक्यातून निघालं, कळत नाही. हवा तेवढा गार झाला की कंप्रेसर आपला आपणच थांबतो किंवा मंदावतो. रात्रभर बंद ठेवलात तर सकाळी सगळा उकाडा उपसायला तो जास्त वेळ चालणार, आणि तोवर दूध-वरण पाच अंशांच्या वर जाऊन जंतूंना मोकळं रान. आतल्या मधल्या फळीवर पेलाभर पाण्यात थर्मामीटर रात्रभर ठेवून बघा. चार अंशांच्या आसपास असावा.

जीएसटीचं एका ओळीत: सप्टेंबर २०२५ मध्ये कमी झाला तो एसी, मोठे टीव्ही आणि डिशवॉशरचा. फ्रिज जुलै २०१८ पासूनच अठरा टक्क्यांत आहे.

भाचीने शेवटी सिंगल डोअर घेतला, ‘टी’ क्लासचा, तीन ताऱ्यांचा, सोबत स्टॅबिलायझर. टेम्पोवाल्याला उभाच आणायला लावला आणि दोन-तीन तास थांबून मग बटण दाबलं. परवा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पुन्हा फोन. ‘मामा, आमरसाचं पातेलं बसत नाही!’ म्हटलं, मधली फळी काढ. पाच मिनिटांनी फोटो आला. पातेलं बसलं होतं, वर झाकण म्हणून पुरणपोळीचं ताट.