फोडांवर मध: दाव्यात तथ्य किती?

‘मुलांच्या पिकलेल्या फोडांना अँटिबायोटिक मलम लावू नका, घरचा शुद्ध मध किंवा प्रोपोलिस (मधमाश्या झाडांच्या राळेपासून बनवतात तो चिकट लेप) लावा, त्यात एकही जंतू जगत नाही आणि नैसर्गिक असल्याने अपायही होत नाही,’ असा संदेश सध्या पालकांमध्ये फिरतो आहे.

मध जंतूंना रोखतो, हे खरेच आहे. त्यातील दाट साखर जंतूंमधले पाणी ओढून घेते, त्याची आम्लता त्यांना मानवत नाही आणि मध थोडा पातळ झाला की त्यातील एका एन्झाइममुळे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. सोलापूरचे शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांमध्ये मधाची सिल्व्हर सल्फाडायझिन या भाजण्यावरच्या औषधाशी तुलना करून १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते मधाच्या बाजूचेच होते. मात्र हा पुरावा पट्टीखाली झाकलेल्या, भाजलेल्या जखमांचा आहे.

मुलांमध्ये वारंवार दिसतो तो इम्पेटिगो हा त्वचेचा जंतुसंसर्ग: नाकातोंडाभोवती फोड येतात, फुटतात आणि पिवळसर खपली धरते. (पाठ्यपुस्तके या खपलीचा रंग मधासारखा सांगतात, तेवढाच मधाचा संबंध!) म्युपिरोसिन आणि फ्युसिडिक आम्ल या अँटिबायोटिक मलमांची या आजारावर नीट चाचणी झालेली आहे, मधाच्या पाठीशी तसा भक्कम आधार नाही. अँटिबायोटिक उठसूट वापरू नये, हे मान्यच; म्हणून तर उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२० मध्ये थोड्या जागेतील इम्पेटिगोसाठी आधी १ टक्का हायड्रोजन पेरॉक्साइडचे क्रीम सुचवले. पण तिथे प्रमाण ठरलेले असते. बरणीतल्या मधात ते किती तयार होईल, हे कोणी सांगू शकत नाही.

‘एकही जंतू जगत नाही’ हे तर सरळ चूक आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू (त्याचे टणक, सुप्त रूप) मधात तग धरतात आणि वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात रुजून स्नायू लुळे पाडणारे विष तयार करू शकतात. गालावर लावलेला मध बाळ चाटणारच. रुग्णालयातील वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, स्वयंपाकघरातला नसतो. शिवाय ‘शुद्ध’ कोणाला म्हणायचे? सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या दिल्लीच्या संस्थेने २०२० मध्ये तपासलेल्या १३ ब्रँडपैकी भेसळ ओळखणाऱ्या एनएमआर चाचणीत फक्त ३ उतरले.

प्रोपोलिस त्वचेला ॲलर्जी आणणारा म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना चांगलाच परिचित आहे. आधीच इसब असलेल्या मुलाला तो लावणे धोक्याचे.

फोड पसरू लागले, ताप आला किंवा बाळ नवजात असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. इम्पेटिगो ज्या जंतूंमुळे होतो, त्यांपैकी स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गानंतर काही आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. तेव्हा चेहरा सुजलेला किंवा लघवी चहासारखी तांबूस दिसल्यास फोड बरे झाले असले तरी तपासणी करून घ्यावी.